चौथी थाप

दौंडला आमचं घर रेल्वेलाइनीला इतकं चिकटून होतं की मालगाडी निघाली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि बोलणारा माणूस तोंडातलं वाक्य तोंडातच धरून थांबायचा. गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू. भांडणंही आमच्याकडे तशीच व्हायची, गाडीला वाट देत देत. एवढ्या गोंगाटात वाढलेल्या मुलीला आवाजाचं कसलं कौतुक, असं लोक विचारतात. मला उलट वाटतं. गोंगाटात वाढलं की कान निवडायला शिकतो. इंजिनाच्या धडधडीखाली आई शेंगदाणे कुटते आहे की मिरची, हे मला पलीकडच्या खोलीतून कळायचं. आणि आई रागात आहे की नाही, हे तर तिच्या भाकरीच्या थापेवरून सगळ्या घराला कळत असणार. फक्त ते मनावर घ्यायची कुणाला गरज वाटत नसे.

हे प्रकरण मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. पन्नाशी जवळ आली, केस पिकले, आता तरी सोडून दे, असं माझी मैत्रीण म्हणते. काय सोडू? माझ्या हातात कुणी काही दिलं असतं तर सोडलं असतं.

आवाजाची गोडी मला शिरूरला लागली. माझे मामा तिथे बसस्टँडजवळ रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं जायचो. माझा मोठा भाऊ राजरत्न, ज्याला मी दादा म्हणायचे, दिवसभर घोड नदीत डुंबायचा आणि मी मामांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून राहायचे. वायरी जोडायच्या कढत डाखाचा, सोल्डरचा, तो उग्र वास आणि शेजारच्या गाड्यावरच्या भज्यांचा वास, दोन्ही मिळून माझ्या डोक्यात शिरूर झालं आहे. मामा मोजकं बोलायचे. पण स्पीकर दुरुस्त झाला की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "काय कमी हाय?" मी ऐकून सांगायचे, "हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी वाटतंय, मामा." ते मान हलवून पुन्हा पेचकस उचलायचे. दहावीला पास झाले तेव्हा त्यांनी मला एक जुना टेपरेकॉर्डर आणि एक माईक दिला. मुलीला कशाला, असं दादा म्हणाला. मामांनी माईकची वायर गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

कम्प्युटर घरात आला तो अर्थातच दादासाठी. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत फिटर होते. पोरानं कोर्स करावा, ऑफिसात बसावं, अशी त्यांची इच्छा. दादानं कोर्स अर्ध्यात सोडला आणि दोन मित्रांना घेऊन डीजे काढला. ट्रॉली, स्पीकरची भिंत, जनरेटर, लाल-निळे दिवे, आणि वर पत्र्यावर रंगवलेलं 'डीजे राजा, दौंड'. हळदी, वराती, मिरवणुका. तेव्हा पुण्याहून बीट बनवायचं सॉफ्टवेअर सीडीवर कॉपी करून त्यानंच आणलं. दोन दिवस खटपट केली आणि "ह्यात काय दम न्हाई" म्हणून सोडलं. पडद्यावर चौकोनांच्या रांगा असायच्या. ज्या चौकोनावर टिचकी मारावी तिथं ढोल वाजायचा. मला ते एका दुपारीच कळलं, कारण त्यात कळायला अवघड असं काही नव्हतंच. फक्त ऐकावं लागत होतं. मी कॉलेजातून आले, लाइट असली, दादा बाहेर असला, की त्या खुर्चीवर बसायचे. दादाला आधी माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा तो खूश झाला, कारण त्याला फुकटात गाणी मिळायला लागली.

त्या काळच्या सगळ्या मिक्समध्ये टाळी एकच असायची, सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळायची ती. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एका दुपारी आई भाकऱ्या करत होती. मी मामांचा माईक घेऊन तिच्या परातीजवळ बसले.

"हे काय धरलंस फुडं?" आई म्हणाली.

"माईक हाय. तू थापत ऱ्हा."

"भाकरीचं गाणं करतीस व्हय?"

"व्हय."

"कर बाई. तेवढंच ऱ्हायलं हुतं."

लग्नाआधी खुटबावला उसाच्या मोळ्या वाहताना आई पडली होती. मनगट मोडलं, आणि गावातल्या हाडवैद्यानं ते बसवलं ते जरा वाकडंच. त्यामुळे तिच्या तीन थापा भरभर पडायच्या, मग भाकरी फिरवताना मनगट अडायचं, बांगडी किणकिणायची आणि चौथी थाप पडायची, थोडी उशिरा, थोडी जड. मी लहानपणापासून त्याच तालावर जेवायची वाट पाहिली होती. ते सगळं टेपवर घेतलं, टेप कम्प्युटरला जोडला, तुकडे कापले आणि ढोलाच्या वर बसवले. दादानं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लंगडतंय गं. सरळ कर की."

"तसंच ऱ्हाऊ दे."

पाटसला एका हळदीत त्यानं ते लावलं आणि परत आला तो मला उचलून घ्यायच्या बेतात. लोकांनी ते गाणं पुन्हा पुन्हा लावायला लावलं होतं. चौथ्या थापेला सगळी हळद एकदम पाय आपटत होती म्हणे. आई तेव्हा तव्यावर वांगी परतत होती. तिला मी सांगितलं, तर म्हणाली, "मोडक्या हातावर नाचली व्हय सगळी," आणि तिला हसू आवरेना.

आता नावाची गोष्ट. डीजेंमध्ये एक पद्धत होती, अजून आहे. गाणं रंगात आलं की मध्येच एक भारदस्त आवाज येतो, अमुक डीजे, इन द मिक्स. त्याला टॅग म्हणतात. चोरी होऊ नये म्हणून तो गाण्यात जागोजागी पेरायचा. मी दादाला म्हणाले, ह्या गाण्याला माझं नाव लाव. डीजे सुजाता. तो आधी हसला, आणि मग मी हसत नाही हे पाहून चिडला.

"पोरीचं नाव आईकल्यावर बुकिंग कोण दील? लोकं म्हनत्याल, भयनीच्या जिवावर डीजे चालवतोय."

"चालवतोसच की."

"लय तोंड सुटलंय तुझं."

पुण्याच्या कुणा पोरानं घोगऱ्या आवाजात त्याचं नाव बोलून दिलं होतं. ते माझ्या गाण्यात बसवायचं काम कुणी केलं असेल? मीच. दादाला ते येतच नव्हतं. तो मागे उभा राहून "हितं टाक, आन् हितं बी टाक" सांगत होता आणि मी माझ्या गाण्यावर माझ्याच हातानं त्याचं नाव ठोकत होते. त्या दुपारचा राग माझ्या बोटांत अजून आहे.

शिरूरला तेव्हा बंटी नावाच्या डीजेचा दबदबा होता. जयंतीच्या मिरवणुकीसाठी दादाला त्याच्याकडचे दोन मोठे बेसचे स्पीकर हवे होते. बदल्यात बंटीनं गाणं मागितलं, बिनटॅगचं. डीजेवाले असं एकमेकांना देत-घेत असायचे, आणि बिनटॅगचं गाणं दिलं की घेणारा त्यावर आपलं नाव टाकणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दादानं मला न विचारता दिलं. त्याचा हिशेब सरळ होता: तो शिरूरला वाजवील, आपण दौंडला, कुणाला कळतंय? जयंतीला दौंडमधल्याच दुसऱ्या वस्तीनं बंटीला बोलावलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जयंतीच्या सकाळी समाजमंदिरात आप्पांचं भाषण झालं. ते दरवर्षी बोलायचे आणि चांगलं बोलायचे, तसं म्हणायलाच हवं. स्त्री शिकली पाहिजे, तिच्या कष्टाला मान मिळाला पाहिजे, त्याशिवाय समाजाची प्रगती नाही. आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसलो होतो. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दुपार उतरल्यावर मिरवणूक निघाली. पुढे निळे झेंडे, मग आम्ही बायका, मग पोरं, शेवटी दादाची ट्रॉली. चौकात समोरून दुसऱ्या वस्तीची मिरवणूक आली. अशा वेळी दोन्ही डीजे समोरासमोर उभे राहतात आणि आपापलं ठेवणीतलं गाणं काढतात. ज्याच्याकडे गर्दी वळेल तो जिंकला. दोघांनी ठेवणीतलंच काढलं. दोघांनी एकच काढलं. माझं. एका ट्रॉलीवर गाणं जरा पुढे, दुसरीवर जरा मागे. आम्ही बायका मधोमध उभ्या होतो. माझ्या आईचे हात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आपटत होते, ताल कुठंच नव्हता, नुसता कालवा. त्यात डावीकडून आवाज आला, 'डीजे राजा, दौंड', आणि उजवीकडून 'डीजे बंटी, शिरूर'. लोकांना आधी काही कळेना, मग हशा पिकला.

दोन्ही गाणी बंद झाली. दादा ट्रॉलीवरून उडी टाकून बंटीच्या गळपट्टीला भिडला.

"माझं गानं लावतो व्हय?"

"तुझं कुठलं? म्या सोता बनवलंय, घरी बसून."

"तुझ्या घरी कवा बनवलं? म्या बनवलंय ते."

दोघंही शपथेवर सांगत होते. दोघंही माणसं धडधाकट, लाज नावाला नाही. पुढे जाताना आईनं माझा हात धरला होता का, आणि मी तो सोडवून घेतला का, ते आता आठवत नाही. मी त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"दोघांनीबी न्हाई बनवलं. मी बनवलंय."

"ही कोण?" बंटी दादाला म्हणाला.

"भयन हाय. सुजे, बायकांत जा."

"आधी सांग, कुनी बनवलं?"

"जा म्हनलं ना."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आवो ताई, घरी जाऊन भाकऱ्या बनवा." पुन्हा हशा. आमच्याच वस्तीतला होता तो. सकाळी आप्पांच्या भाषणाला पहिल्या रांगेत होता.

"भाकऱ्याच हायत त्या," माझ्या मागून आवाज आला. आई होती. तिनं पदर खोचलेला होता. "माझ्या हायत. आईका."

ती दादाच्या ट्रॉलीजवळ गेली आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर हात आपटला. तीन भरभर, मग मनगट अडलं, बांगडी वाजली, मग चौथी. पुन्हा तसंच. चौकात एवढी माणसं आणि तेवढाच आवाज. आमच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "व्हय की गं बया, तेच हाय." मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. बंटी म्हणाला, "आयला, भाकरीवर नाचत हुतो व्हय रं," आणि आपल्या ट्रॉलीवर चढला. दादानं दुसरं गाणं लावलं. मिरवणुका एकमेकींना वाट देऊन पुढे गेल्या. मी तिथंच उभी राहिले, पांढऱ्या साडीवर कुणीतरी उडवलेल्या पाण्याचे डाग घेऊन.

चौकातली बातमी आमच्याआधी घरी पोचली होती, आप्पा आमची वाट पाहत बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "चार मानसांत भावाला मान खाली घालाय लावली हिनं. उद्यापासनं कम्प्युटरला हात लावायचा न्हाई. आन् स्थळं बघायची."

"आप्पा, सकाळी तुम्ही काय बोलला स्टेजवर?"

मालगाडी आली. आम्ही सगळे थांबलो. डबे संपेनात. आप्पा खाली बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होते. गाडी गेल्यावर ते म्हणाले, "ते समाजाला सांगायचं असतं. घरातलं घरात."

त्यांच्यावर मी चिडले ती तेव्हापासून. ते वाईट माणूस नव्हते, हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि मलाही ते माहीत आहे. त्यानं राग कमी होत नाही, वाढतो.

दुसऱ्या दिवशी ताटात भात आला. आप्पांनी आमटी कालवली, इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "भाकर?"

"मनगाट दुखतंय," आई म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा भात. मग खिचडी. आप्पांना भातानं पोट भरल्यासारखं वाटत नसे. ते जेवून उठले की पुन्हा डबे उघडून बघायचे. दादानं खानावळीतून भाकऱ्या आणल्या, त्या घरी येईपर्यंत वातड झाल्या. "सुजी थापील की," तो म्हणाला. मी पुस्तक वर केलं नाही. आईनं आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, कुणाला टोमणा मारला नाही. नुसती भाकर बंद. घरातली ती थाप गेल्यावर घर किती ओकंबोकं वाटायला लागलं, ते मला सांगता येणार नाही. शेवटी एक दिवस आप्पांनी ताट बाजूला सारलं.

"काय पायजे तुला?"

"पोरीचं नाव लावा गान्याला. आन् तो कम्प्युटर चालू करा."

"लोकं काय म्हनत्याल?"

"लोकं नाचत्याल," आई म्हणाली. "आता बी नाचत्यातच की."

आप्पांनी होकार दिला असं मी म्हणणार नाही. ते उठून हात धुवायला गेले. पण कम्प्युटरवरचं फडकं दुसऱ्या दिवशी निघालेलं होतं, आणि दादाला पाटसची गणपतीची ऑर्डर होती, नवं गाणं हवं होतं. त्यानं तडजोड काढली: "टाक नाव. पर बारीक आवाजात, कुठंतरी कडंला."

नाव कुणाच्या आवाजात घ्यायचं? मी माईक आईपुढे धरला. 'डीजे सुजाता' म्हण, म्हटलं. माईकपुढे ती एकदम शाळेतल्या पोरीसारखी ताठ झाली, तोंडातून शब्द निघेना. मग मला आठवलं. पहिल्यांदा भाकऱ्या टेपवर घेतल्या, त्या दिवशी मी टेप चालूच ठेवून पलीकडच्या खोलीत गेले होते. शेवटी तिनं मला हाक मारली होती, रोज मारायची तशीच, टेपचं भान न ठेवता. मी ते शोधून काढलं. "सुजे, ये गं, भाकर गार झाली."

ते मी गाण्याच्या ऐन मध्यावर ठेवलं. ढोल चढत चढत जातो, तीन थापा पडतात आणि सगळं बंद होतं. शांत. त्या शांततेत आईची हाक, चांगली मोठ्यानं, कडेला वगैरे नाही. आणि हाकेचा शेवटचा शब्द संपायच्या आत चौथी थाप. हाक काढायला गेलं तर थाप जाते, आणि थाप गेली तर गाण्यात राहतं काय? हे मी मुद्दाम केलं. रागानं माणूस नासतो म्हणतात. मला तर त्या दिवशी रागानंच सुचलं. दादानं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. दुसरं गाणं करायला वेळ नव्हता. पाटसला ते वाजलं तेव्हा म्हणे सगळी मिरवणूक आईबरोबर ओरडत होती, "भाकर गार झाली."

पुढच्या हंगामात दौंडपासून शिरूरपर्यंत प्रत्येक ट्रॉलीवर ते होतं. जो तो आपला टॅग वर चढवायचा, पण आईची हाक कुणाला काढता आली नाही. मी पुढे कित्येक वर्षं बीट बनवले, केडगावला एक खोली घेऊन. माझं पोट त्यावर भरलं. दादा मोठा झाला, त्याच्या गाड्या वाढल्या, फ्लेक्स लागले. मध्यंतरी फोनवर त्याची मुलाखत बघितली. गॉगल लावून सांगत होता, "आईचा आवाज टाकायची आयडिया माझी." मी जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले. त्याला फोन केला, तर म्हणाला, "अगं, घरातलंच हाय की सगळं." आप्पांचंच वाक्य. आप्पा गेले, वाक्य ठेवून गेले.

आई आता माझ्याकडे असते. तिच्या हातानं भाकरी होत नाही, मी करते. ती परातीजवळ खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "तुझी थाप सरळ पडती. मजा न्हाई त्यात."

गेल्या लग्नसराईत केडगावलाच एका हळदीला गेले होते. कोपऱ्यात एक तरणा डीजेवाला लॅपटॉप घेऊन उभा होता. त्यानं आईच्या हाकेचं ते गाणं लावलं आणि बायका-पोरं सगळी उठली. मी गालाला लागलेली हळद पुसत त्याच्यापाशी गेले.

"हे कुनाचं रे?"

"डीजे राजाचं, मावशी. जुनं हाय, पर अजून चालतंय."

"आन् ती बाई कोण?"

"आसंल कुठल्या तरी पिच्चरातली."

"माझी आई हाय. गानं मी केलंय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उद्धट नव्हता पोरगा, नुसता गोंधळला होता. "मग तुमचं नाव का न्हाई टाकलं त्यात?"

"परत लाव," मी म्हणाले.

त्यानं लावलं. ढोल चढत गेला, तीन थापा पडल्या, सगळं बंद झालं आणि मांडवभर आई मला जेवायला हाक मारू लागली. पोरगा माझ्याकडे वळला.

"सुजी म्हंजी..."

"मी," म्हणाले, आणि चौथी थाप पडली, थोडी उशिरा, थोडी जड.